फेडरवरून काढलेला हात

मी एकतीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावच्या रेडिओ केंद्रावर इंजिनिअर होतो. नातेवाइकांना वाटायचं, मी रेडिओवर बोलतो. मी कधीच बोललो नाही. बोलणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा आवाज लोकांच्या घरापर्यंत धड पोचतोय ना, एवढंच मी बघायचो. समोर एक मीटर, त्यात थरथरणारा काटा आणि हाताखाली फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची खुंटी. आवाज वर गेला की खुंटी किंचित मागे, खाली आला की किंचित पुढे. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये, इतकंच किंचित.

या सगळ्याला आम्ही मॉड्युलेशन म्हणायचो. ट्रान्समीटर एक लहर सतत पाठवत असतो. ती नुसती असते तेव्हा मुकी असते. तिच्यावर माणसाचा आवाज चढवावा लागतो. कमी चढला तर तो हवेतल्या खरखरीत बुडतो. जास्त चढला तर लहर वरून छाटली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गाणाऱ्याचा आवाज फाटला. टेपवर ध्वनिमुद्रण करतानाही तेच. फाटलेला आवाज बहुतेक वेळा माणसाचा नसतो, आमचा असतो. ही गोष्ट मी कामावर नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवली. घरी मात्र चव्वेचाळीस वर्षं बोललो नाही. ज्या एका माणसाला ती सांगायला हवी होती ती माझी बायको होती.

आता आम्ही दोघं मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात लेकीच्या घरी असतो. दर शनिवारी दुपारी जवळच्या कम्युनिटी हॉलमधल्या एका खोलीत आठ-दहा मराठी माणसं जमून भजनं, भावगीतं म्हणतात. पेटीवर एक पस्तिशीचा तरुण असतो. तो इथे शिकायला आला आणि इथेच राहिला, आता बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. बायको नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसून काळी दोनमध्ये गाते, म्हणजे जवळजवळ पुरुषांच्या पट्टीत. अंतरा वर चढला की ती हाताने खूण करून तो दुसऱ्या कुणाला तरी देते. कुणी आग्रह केला तर म्हणते, "माझा आवाज वर फाटतो हो. मला लिहून मिळालंय तसं." लोक हसतात. मी हसत नसे. चपला नीट लावायला बाहेर जात असे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. लेक इथल्या एका हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. तिच्याकडे नाशिककडच्या एक आजी येत होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन त्यांचं बोलणं गेलं होतं, पण सुरात गुंफलेले शब्द मात्र कधीकधी तोंडातून येत. हॉस्पिटलकडे होतं ते सगळं साहित्य इंग्रजीत. म्हणून एका रविवारी सकाळी लेक आईसमोर फोन धरून बसली.

"आई, साधी वाक्यं हवीत. 'पाणी दे', 'इथे बस' अशी. पण बोलायची नाहीत, अर्धवट गायची. दोनच नोट्स. एक वरची, एक खालची. पाऽऽणी दे."

"वरची नको गं. मी दोन्ही खालच्याच घेते."

"मग चढउतार कुठे राहिला? चढउतारावरच तर त्यांना शब्द सापडतो. सपाट बोललं की नाही सापडत."

बायकोने नाइलाजाने वरचा सूर घेतला, आणि भीती वाटली की माणूस जोर लावतो तसा जोर लावला. फोन तिच्या तोंडाला जवळजवळ टेकला होता. लेकीने लावून दाखवलं तर "पाऽऽ" वर नुसतं फर्र झालं.

"बघ," बायको म्हणाली, "सांगत होते ना. फाटतो."

"आई, हे क्लिपिंग आहे. फोन फार जवळ होता. हे बघ, लाल झालंय इथे. तू नाही फाटलीस, रेकॉर्डिंग फाटलंय."

"मला नको शिकवू. रेडिओच्या पॅनेलने लिहून दिलंय. हवं तर बाबांना विचार, ते तिथेच होते."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाशी मटार सोलत होतो.

"फोन हातभर लांब धर," मी म्हणालो, आणि उठून रिकामी टरफलं टाकायला गेलो.

हातभर लांबून घेतलेला आवाज स्वच्छ आला. सत्तरी उलटलेल्या बाईचा, जरा थरथरता, पण अखंड. बायको म्हणाली, "आता नशिबाने आला बरा." संध्याकाळी लेक कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ढकलत असताना मी मागोमाग गेलो होतो. ती मागे न बघता म्हणाली, "बाबा, क्लिपिंग म्हणजे काय ते तुम्हाला तर माहीत असणार." मी म्हणालो, "हं." ती डबा सरळ करत थांबली. तिच्या कामात समोरच्याला बोलायला वेळ द्यावा लागतो, तसा तिने मला दिला.

पॅनेलने तिला ते लिहून दिलं तेव्हा काय झालं होतं ते आता लिहितो.

लग्नाला चार वर्षं झाली होती. बायको सत्तावीस वर्षांची होती. तिने सुगम संगीताच्या ऑडिशनचा अर्ज भरला, माझ्याच केंद्रावर. दुसरं केंद्र जवळ नव्हतंच. ऑडिशनची पद्धत चांगली होती. गाणाऱ्याला नाव नाही, नंबर. पॅनेल त्याला बघत नसे. आम्ही टेप करून ठेवायची आणि पॅनेलने नंतर बंद खोलीत नुसती टेप ऐकून शेरा लिहायचा. वशिल्याला जागा राहू नये म्हणून हे सगळं.

पण चहाच्या टपरीवर एक सहकारी म्हणाला, "वहिनींना काय चिंता? घरचाच रेडिओ." बाकीचे हसले. चेष्टाच होती ती. मला ती लागली. त्या दिवशीची ड्यूटी बदलून द्यायला दुसरा इंजिनिअर तयार होता. मी नको म्हटलं. बदलली तर लोक म्हणतील, घाबरला.

तिचा नंबर आला तेव्हा काचेपलीकडे ती पदर खोचून बसलेली मला दिसत होती. काळी चार पट्टी. तिने खालचे सूर घेऊन सुरुवात केली, मी त्या सुरांना लेव्हल बांधली आणि फेडरवरून हात काढून घेतला. मनाशी म्हणालो, आता मी काही करणार नाही. तिच्यासाठी खुंटी एक रेघही हलवणार नाही. इतर प्रत्येकासाठी मी ती दर ओळीला हलवत होतो, तेच माझं काम होतं. तिच्यासाठी तेवढं करणं मला त्या दिवशी वशिला वाटला.

अंतऱ्याला ती तार षड्जावर गेली. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला आणि तिथेच आपटत राहिला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. कानात फाटलेला आवाज येत होता आणि काचेतून तिचा चेहरा दिसत होता, छान गाणं झाल्यावर होतो तसा. संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

पुन्हा टेप करू, असं म्हणायला एक मिनिट लागलं असतं. इतरांना मी तसं म्हणत असे.

महिन्याने छापील कागद आला. खाली हाताने लिहिलं होतं, 'तार सप्तकात आवाज फाटतो.' तिने तो ओट्याशी उभं राहून वाचला. मग आठ-दहा दिवस ती भांडी घासताना, कपडे धुताना तोच अंतरा पुन्हा पुन्हा घेऊन बघायची आणि कान देऊन ऐकायची. स्वतःचा आवाज फाटतो का, हे स्वतःला कसं कळणार? शेवटी तिने मला विचारलं. या विषयात गावात माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

"अहो, खरंच फाटतो का हो?"

मी म्हणालो, "थोडासा."

फेडरचं पाप मी घाबरून केलं. हे दुसरं थंड डोक्याने केलं. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येत होता. तिने केला नाही.

ती मोठी गायिका झाली असती असं मला म्हणायचं नाही. कदाचित महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं गायली असती. पण त्या एका शब्दानंतर ती वर गेलीच नाही. लेक झाली, तिला निजवताना ऑडिशनचं ते गाणं असो की अंगाई, अंतरा आला की ती चाल मोडून खाली वळवायची. इतकी सफाईने वळवायची की शेजारणी म्हणत, वहिनींच्या चाली वेगळ्या असतात. लेक त्याच चाली शिकली. शाळेत एकदा बाईंनी मूळ चाल म्हटली तेव्हा घरी येऊन म्हणाली, बाईंना गाणं येत नाही. आम्ही तिघंही हसलो होतो. मीसुद्धा.

त्या मार्चमधल्या रविवारनंतर मी चार दिवस काढले. गुरुवारी सकाळी मागच्या अंगणात बायको कपडे वाळत घालत होती. इथे अंगणात छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी असते. ती चादरीच्या पलीकडे आणि मी अलीकडे चिमट्यांची पिशवी धरून.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सांगा की. आधी दोन चिमटे द्या."

मी चिमटे दिले आणि सांगितलं. टपरीपासून सुरुवात केली, आडवळणं न घेता. चादरीपलीकडची हालचाल थांबली. तिने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं,

"म्हणजे काटा आपटत होता."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

"हात कुठे होते?"

"मांडीवर."

वाऱ्याने दोरी फिरली, चादर सरकली आणि ती समोर आली. डोळे कोरडे होते.

"ते एक वेळ समजू शकते," ती म्हणाली. "लोक बोलले, तुम्ही घाबरलात. वयच काय होतं. पण मी विचारलं तेव्हा 'थोडासा' का म्हणालात?"

"'नाही' म्हणालो असतो तर तू पुढचं विचारलं असतंस. मग पॅनेलने असं का लिहिलं म्हणून."

"विचारलंच असतं."

"म्हणून."

तिने हातातला ओला टॉवेल बादलीत टाकला. "तुमचे बनियन तुम्हीच वाळत घाला," म्हणाली आणि आत गेली.

मी बनियन वाळत घातले. बाकीचे कपडेही घातले. खरं लिहायचं तर मला लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. आत गेल्यावर मला सपाटून भूक लागली. चार दिवस मी धड जेवलो नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. तिने पोळ्यांचा डबा पुढे सरकवला. त्या दिवशी ती फक्त कामापुरतं बोलली. मला ते चाललं. इतकी वर्षं ती माझ्याशी प्रेमाने बोलायची तेव्हा मला चोरी लपवून बसल्यासारखं व्हायचं. आता ती रागावली होती ती खऱ्या गोष्टीवर रागावली होती.

शुक्रवारी चहा घेताना तिने एकदम विचारलं, "इतरांच्या वेळी हात फेडरवर असायचा?"

"सगळ्यांच्या."

"तो सायकलच्या दुकानाचा मालक होता ना त्याच दिवशी. त्याच्यासुद्धा?"

"त्याच्या तर सतत."

"तो पास झाला."

"हो."

"अहो, पण तो बेसूर होता."

"बेसूर होता. पण फाटला नाही."

तिला हसू फुटलं. आपण रागावलोय हे आठवून तिने ते कपात दडवायला बघितलं, तर ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "उद्या तिथे सांगा. सगळ्यांसमोर."

"कुठे?"

"भजनाला. नऊ वर्षं त्या लोकांना मी सांगतेय की माझा आवाज फाटतो. मी कशी सांगू आता की नाही फाटत? तुम्ही लिहवलंत, तुम्हीच खोडा."

शनिवारी लेकीने आम्हाला हॉलवर सोडलं. आम्ही गाडीतून उतरताना तिने विचारलं, "बाबा, पोट बिघडलंय का? चेहरा असा का?" आई म्हणाली, "काही नाही, त्यांची ऑडिशन आहे." लेकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि गाडी पार्क करून तीही आत आली.

पहिलं भजन झाल्यावर मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजावर लक्ष ठेवलं, चार लोकांसमोर स्वतः कधी बोललो नव्हतो. माझा आवाज इतका सपाट निघाला की मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जरा मोठ्याने." मी मोठ्याने सांगितलं. मीटर, काटा, फेडर, कागद आणि 'थोडासा', सगळं.

पेटीवाला तरुण म्हणाला, "म्हणजे गेन कमी केला नाहीत, एवढंच ना काका? नो वरीज. होतं हो."

"एवढंच नाही ते," कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या. त्या सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनहून इथे मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि एरवी कधी कुणाला टोकत नसत. "माझ्या धाकट्या जावेला सासरच्यांनी सांगितलं होतं, तुझ्या हाताला चव नाही. ती आजतागायत मीठ घालताना दुसऱ्याला विचारते."

"मग पार्टीला तिच्याकडे नको जायला," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. त्या बाईही हसल्या. कुणी मला माफ केलं नाही आणि कुणी बोलही लावला नाही. लेक मात्र दाराशी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे शाळेतल्या बाई बरोबर होत्या." आई म्हणाली, "होत्या."

मग पेटीवाल्याने भात्यावर हात ठेवून विचारलं, "काकू, आज काय लावू? काळी दोनच?"

"चार," ती म्हणाली.

"काकू, एकदम चार?"

"लाव म्हणते ना."

तिने ऑडिशनचं तेच गाणं घेतलं. अस्ताई गोड झाली. अंतऱ्याला ती निघाली तेव्हा मी मान खाली घातली. ती तार षड्जाला पोचली आणि आवाज फाटला. खराखुरा, मधोमध, कुठल्याही मशीनशिवाय. एकाहत्तर वर्षांचा गळा आहे, दुसरं काय होणार? पेटीवाल्याने बोटं उचलली.

मला वाटलं, आता ही म्हणणार की बघा, पॅनेलचं बरोबर होतं.

ती हसत होती. पाण्याचा घोट घेऊन सगळ्यांना म्हणाली, "हा वयाने फाटला. सत्ताविसाव्या वर्षी फाटत नव्हता, आता हे माहितीये मला." आणि पेटीवाल्याला, "काळी तीन लाव रे, तिथे जमेल."

काळी तीनला पुरतं जमलं असं नाही, पण ती वर जाऊन टिकली. लेकीने पहिल्यांदा आईच्या तोंडून मूळ चाल ऐकली. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ तीच गुणगुणत होती आणि दोनदा सवयीने जुन्या वळणावर घसरली.

याला आता काही महिने झाले. नाशिकच्या आजी 'पाणी दे' आता न गाता म्हणतात, असं लेक सांगते. बायको रोज सकाळी बैठकीच्या खोलीत फोनवर तानपुरा लावून अर्धा तास बसते. मी स्वयंपाकघरात असतो. सुरुवातीला मी दार लोटून घ्यायचो, तर ती म्हणाली, उघडं राहू दे.

परवा मंगळवारी तिने अंतरा घेतला, वर जाऊन थांबली आणि आतून विचारलं, "अहो, कसा लागला?"

हा प्रश्न तिने मला चव्वेचाळीस वर्षांत पुन्हा विचारला नव्हता. दुधाखालचा गॅस बंद करून मी तो सूर मनात पुन्हा ऐकला, मगच बोललो.

"फाटला नाही. पण खाली राहिला. सा थोडा कमी पडतोय."

"किती?"

"ऐकणाऱ्याला कळेल इतका."

तिने फोनवरचा तानपुरा किंचित मोठा केला. मग ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.